औषधाची किंमत कोण ठरवते?

जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, २३ मार्च २०२३ रोजी, भारतीय पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेने जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीचा एक अर्ज फेटाळला. अर्ज बेडाक्विलिन या औषधाबाबत होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर सुमारे चाळीस वर्षांच्या खंडानंतर आलेले हे पहिले नव्या जातीचे औषध. मूळ रेणूवरचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीला त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर आणखी एक, स्वतंत्र पेटंट हवे होते आणि ते मिळाले असते तर भारतातील मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. गोळी पोटात नीट विरघळावी म्हणून औषधाचा क्षार बनवणे ही औषधनिर्मितीतली नेहमीची पायरी आहे. तेवढ्यासाठी रुग्णांना आणखी चार वर्षे वेठीस धरता येणार नाही, असा या निकालाचा व्यवहारातला अर्थ झाला.

या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत महाराष्ट्रातील एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची संघटना होती आणि दोन तरुण स्त्रिया होत्या. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील फुमेझा तिसिले या दोघींनी क्षयरोगाशी झुंज दिली होती, दोघी वाचल्या होत्या आणि उपचारांच्या काळात दोघींची श्रवणशक्ती गेली होती. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर तेव्हा कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने रोज टोचली जात. बसणे अशक्य व्हावे इतके कंबरेखालचे स्नायू दुखत आणि दुखण्यापेक्षा मोठे नुकसान आत, कानात, होत असे. ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी या औषधाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नंदिता या भरतनाट्यम नर्तकी. तालाशी आयुष्य बांधलेल्या मुलीला एका दुपारी ऐकू येईनासे होणे म्हणजे काय, याची कल्पना आपण फक्त करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कॅनामायसिनची शिफारस मागे घेतली आणि तोंडाने घ्यायच्या बेडाक्विलिनला उपचारात अग्रक्रम दिला. ज्या औषधामुळे इतरांचे कान वाचतील ते स्वस्त व्हावे, यासाठी या दोघींनी २०१९ मध्ये हरकतीचा अर्ज दाखल केला होता.

मला या घटनेविषयी लिहावेसे वाटते, कारण जगातील आरोग्याच्या विषमतेबद्दल आपण बहुधा अशा रीतीने बोलतो की जणू ती हवामानासारखी आपोआप घडते. आफ्रिका गरीब म्हणून तिथे लोक मरतात, गोवंडीत दाटी म्हणून तिथे क्षय, असे म्हणून आपण मोकळे होतो. गरिबी खरीच आहे. पण औषध अस्तित्वात असताना ते कोणाच्या हाती पडेल आणि कोणाच्या नाही, हे कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून ठरवलेले असते. या निर्णयांना तारखा असतात, सह्या असतात आणि म्हणून ते बदलताही येतात.

भारतापुरती ही गोष्ट १९११ च्या पेटंट कायद्यापासून सांगता येते. हा कायदा ब्रिटिशांनी केला आणि त्यात खुद्द औषधावर पेटंट मिळत असे. स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ पंचवीस वर्षे तोच चालू राहिला. परिणाम असा की, देशातील औषधांच्या बाजारावर परदेशी कंपन्यांचा ताबा होता आणि किमती अफाट होत्या. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषधकंपन्यांच्या नफेखोरीची चौकशी केली, तेव्हा प्रतिजैविकांच्या किमती जगात सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना तिला करावी लागली. ज्या देशात माणसाचे सरासरी उत्पन्न जगात जवळजवळ तळाला, तिथे औषध सर्वांत महाग.

याला उत्तर शोधण्याचे काम त्या पिढीने मन लावून केले. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांनी औषधनिर्मिती सरकारी क्षेत्रात व्हावी असा आग्रह धरला. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. पुण्या-पिंपरीची जुनी माणसे त्याला आजही नुसते ‘एचए’ म्हणतात आणि त्या दोन अक्षरांत नोकरी, वसाहत, शाळा असे सगळे सामावलेले असते. तिथे पेनिसिलिन बनू लागले, हे त्या काळी केवढे धाडस होते याचा आज विसर पडला आहे. कायद्याच्या बाजूने न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सविस्तर अहवाल दिला. युरोपातल्या देशांनी स्वतःचे उद्योग उभारताना काय केले होते, याचा त्यांनी बारकाईने धांडोळा घेतला होता. त्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. आता पेटंट औषधावर मिळणार नव्हते, ते बनवण्याच्या कृतीवर तेवढे मिळणार होते, आणि तेही फार तर सात वर्षे. वेगळ्या कृतीने तोच रेणू बनवायला कोणीही मोकळा होता.

हा कायदा म्हणजे चोरीला दिलेला परवाना, अशी टीका पुढे अनेक वर्षे झाली आणि आजही होते. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जपानने औषधावरचे पेटंट १९७६ मध्ये मान्य केले, स्वित्झर्लंडने १९७७ मध्ये, इटलीने १९७८ मध्ये आणि स्पेनने तर १९९२ मध्ये. स्वित्झर्लंडमधील बासलच्या औषधकंपन्या ज्या काळात मोठ्या झाल्या, त्या काळात त्यांच्या स्वतःच्या देशात औषधावर पेटंट मिळत नव्हते. श्रीमंत देश ज्या वाटेने वर चढले, तीच वाट भारत वापरू लागला तेव्हा तिला चोरी म्हणण्यात आले, आणि मग ती वाटच बंद करण्याची तयारी सुरू झाली.

ती तयारी आरोग्याच्या व्यासपीठावर झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेत प्रत्येक देशाला एक मत आहे आणि १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे याच देशांनी सर्वांना प्राथमिक आरोग्यसेवा देण्याचा जाहीरनामा मान्य केला होता. औषधांच्या पेटंटचा प्रश्न तिथून उचलून व्यापाराच्या वाटाघाटींत नेण्यात आला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या उरुग्वे फेरीत अमेरिकेच्या बड्या कंपन्यांनी यासाठी जोर लावला. फायझरचे प्रमुख एडमंड प्रॅट हे तर अमेरिकी सरकारच्या व्यापारविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. वाटाघाटींची रचना अशी होती की, कापड आणि शेतमालाला बाजार हवा असेल तर पेटंटचा कायदाही घ्यावा लागेल, सगळे एकत्र किंवा काहीच नाही. १ जानेवारी १९९५ पासून बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार लागू झाला आणि जागतिक व्यापार संघटनेच्या प्रत्येक सदस्याने औषधावर वीस वर्षांचे पेटंट द्यावे, असे ठरले. भारताला २००५ पर्यंत मुदत मिळाली. पुढची सगळी गोष्ट या दहा वर्षांच्या सवलतीत घडली.

एड्सवरची तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास आली आणि श्रीमंत देशांतील मृत्यू झपाट्याने घटले. खर्च होता रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत, जिथे रोगाचा कहर होता, तिथे हे औषध पोचलेच नाही. दक्षिण आफ्रिकेत मंडेला सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आयात करण्याची मुभा देणारा कायदा केला, तर ३९ औषधकंपन्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या आणि अमेरिकेने व्यापारी दबाव आणला. २००१ मध्ये अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी आफ्रिकेत औषध देण्याविरुद्ध दिलेले एक कारण असे होते की, तिथल्या अनेक लोकांनी घड्याळच पाहिलेले नाही, मग ते ठरल्या वेळी गोळ्या कशा घेणार. पुढे प्रत्यक्ष अभ्यास झाले तेव्हा आफ्रिकेतील रुग्ण उत्तर अमेरिकेतील रुग्णांपेक्षा अधिक नेमाने गोळ्या घेतात असे आढळले. त्या वाक्याची किंमत मात्र तोवर ज्यांनी मोजायची त्यांनी मोजली होती.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमीत, देण्याची तयारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला कळवली. तीनशे पन्नास आणि दहा हजार या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत लाखो माणसे मेली होती. ही दरी कोणत्या रसायनाने निर्माण केली नव्हती. सिप्लाला ही औषधे बनवता आली, कारण १९७० चा कायदा तोवर जिवंत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खटला मागे घेतला. त्यामागे रस्त्यावर उतरलेल्या रुग्णांची चळवळ होती आणि सर्वांना सरकारी दवाखान्यात औषध मिळेपर्यंत मी स्वतः ते घेणार नाही, असे सांगून आजार अंगावर काढणारे झॅकी अॅख्मत होते. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे व्यापार संघटनेला मान्य करावे लागले की, ट्रिप्स करारामुळे सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणात आडकाठी येता कामा नये.

भारताची सवलतीची मुदत संपली तेव्हा, २००५ मध्ये, संसदेपुढे पेटंट कायद्याची दुरुस्ती आली. डावे पक्ष आणि रुग्णसंघटना यांच्या आग्रहामुळे तिच्यात दोन गोष्टी राहिल्या. कलम ३(ड) सांगते की, जुन्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यावर पेटंट नाही. कलम २५(१) सांगते की, पेटंट देण्यापूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ त्यावर हरकत घेऊ शकते. या दोन शब्दांवर माझा जीव आहे. प्रतिस्पर्धी कंपनी असण्याची अट नाही, वकील असण्याची नाही, भारताचा नागरिक असण्याचीही नाही. म्हणूनच केप टाउनची एक तरुणी मुंबईच्या अर्जावर हरकत घेऊ शकली. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा दावा याच ३(ड) खाली १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपला. महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांचे औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या आणि ते देणे त्यांना चालू ठेवता आले.

आता पुन्हा क्षयाकडे वळतो, कारण तिथे विषमतेचे दुसरे रूप दिसते आणि ते अधिक मऊ असल्याने अधिक फसवे आहे. रिफाम्पिसिन १९६० च्या दशकात आले. त्यानंतर बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे डिसेंबर २०१२ पर्यंत, क्षयावर औषधाची नवी जात आली नाही. जंतू तोच होता, रुग्णही होते, पण पैसे मोजू शकणाऱ्या देशांतून रोग हटला होता आणि गिऱ्हाईक नाही तिथे संशोधनही नाही. दरम्यान मुंबईत जंतू बदलत होता. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. त्यांनी अशा क्षयाला ‘पूर्णतः औषधरोधक’ म्हटले; सरकारची पहिली प्रतिक्रिया ती संज्ञाच नाकारण्याची होती.

बेडाक्विलिन आले तेव्हा सहा महिन्यांच्या उपचाराला कंपनीने तीन दर लावले: श्रीमंत देशांना तीस हजार डॉलर, मधल्या देशांना तीन हजार आणि गरीब देशांना नऊशे. सोबत अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेमार्फत काही हजार रुग्णांचे औषध देणगी म्हणून मिळू लागले. भारताने ती स्वीकारली आणि २०१६ मध्ये देशभरात मिळून सहा केंद्रांवर, मोजक्या रुग्णांना, ते देणे सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, कारण दिल्लीतील रुग्णालयाने ती दिल्लीची रहिवासी नाही असे सांगून औषध नाकारले होते. न्यायालयाच्या दारात जाऊन औषध मिळाले, पण तोवर फुप्फुसे पोखरली गेली होती आणि २०१८ मध्ये ती मुलगी गेली. या प्रकरणात दुष्ट असा कोणी नाही. नियम पाळणारे डॉक्टर आहेत, प्रतिकार वाढू नये म्हणून सावध असलेले अधिकारी आहेत, दान देणारी कंपनी आहे. तरीही देणगीच्या मापाने आलेले औषध रुग्णांच्या मापाने वाटता येत नाही. मिळेल तेवढ्यावर भागवायचे, ही सवय आरोग्यव्यवस्थेत मुरते आणि मग कोणाला नाही म्हणायचे, याचे नियम तयार होतात.

२०२३ मध्ये मूळ पेटंट संपले, दुसरे फेटाळले गेले आणि चित्र पालटले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्षयाच्या औषधांच्या जागतिक खरेदीयंत्रणेने जाहीर केलेल्या दरांत मुंबईच्या ल्युपिन कंपनीचे औषध सहा महिन्यांना १९४ डॉलरला होते आणि खुद्द जॉन्सन अँड जॉन्सनने आपली किंमत १३० डॉलरवर आणली होती. स्पर्धा उभी राहण्याआधी कंपनीचा दर याच्या दुपटीहून अधिक होता. त्या वर्षी जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने दगावली. त्यांतले चारातले एकाहून थोडे अधिक रुग्ण भारतातले होते.

औषध स्वस्त झाले की क्षय जाईल, असे म्हणण्याचा भोळेपणा मला करायचा नाही. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन येण्याच्या कितीतरी आधीपासून घरे, अन्न आणि पगार सुधारल्याने उतरू लागले होते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे देऊन झालेल्या अभ्यासात, घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत प्रकल्पग्रस्तांसाठी एकमेकींना चिकटून बांधलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे गोळ्या कितीही वाटल्या तरी रोग घरातच राहतो. घर आणि ताट यांचे राजकारणही औषधाच्या राजकारणाइतकेच मोठे आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

करोनाच्या काळात हे सगळे पुन्हा घडले आणि तेव्हा आपण दोन्ही बाजूंना होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी साथ संपेपर्यंत लस, औषधे आणि चाचण्यांवरील पेटंट स्थगित करण्याचा प्रस्ताव व्यापार संघटनेत मांडला. शंभराहून अधिक देशांनी पाठिंबा दिला, युरोपातील श्रीमंत देशांनी तो अडवून धरला आणि जून २०२२ मध्ये फक्त लशींपुरती, अटींनी जखडलेली तडजोड झाली. दुसरीकडे पुण्यात बनलेल्या लशीसाठी दक्षिण आफ्रिकेला एका मात्रेला ५.२५ डॉलर मोजावे लागले, तर युरोपीय संघाला तीच लस युरोपातील उत्पादनातून दोन डॉलरच्या आसपास पडत होती. २०२१ च्या वसंतात भारताने लशींची निर्यात थांबवली. आपल्याकडे चिता विझत नव्हत्या, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा होता. पण आफ्रिकेतील ज्या देशांनी सगळा भरवसा पुण्याजवळच्या मांजरी या गावातील एका लसकारखान्यावर ठेवला होता, त्यांच्या हाती महिनोन्‌महिने काहीच पडले नाही, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. औषध बनवण्याची ताकद पाच-दहा ठिकाणी साचली, तर ती ठिकाणे पुण्यात असली तरी बाकीच्यांची परवड टळत नाही.

सध्याची लढाई लेनाकापाविर या औषधावर आहे. वर्षातून दोनदा टोचून घेतले की एचआयव्हीची लागण जवळजवळ पूर्णपणे टळते, असे २०२४ मध्ये चाचण्यांतून दिसले. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे. गिलियड कंपनीने सहा उत्पादकांना परवाने दिले, त्यांत भारतीय कंपन्या आहेत, आणि २०२७ पासून १२० देशांत ते वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळेल, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. या १२० देशांत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू नाहीत. या चारही देशांतील लोकांनी आपल्या शरीरावर या औषधाची चाचणी होऊ दिली होती. यादी कंपनीने ठरवली, त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हेही तिनेच ठरवले. भारतात मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने या औषधाच्या पेटंट अर्जांवर हरकती घेतल्या, त्या याच ‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांच्या आधारावर. पेटंट इथे नाकारले गेले, तर परवान्याच्या यादीबाहेरील देशांना भारतातून औषध घेण्याची एक वाट मोकळी होऊ शकते.

ही वाट अरुंद करण्याचे काम मात्र घरातूनच सुरू झाले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पेटंट नियमांत बदल केले. पूर्वी मोफत असलेल्या हरकतीला आता शुल्क आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी पेटंट कार्यालयाचा नियंत्रक ठरवणार आहे. त्याच महिन्यात भारताने, नोव्हार्टिसचा देश असलेला स्वित्झर्लंड ज्याचा सदस्य आहे, त्या एफ्टा या युरोपीय व्यापारगटाशी करार केला. कायद्यातले ते दोन शब्द अजून जागेवर आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी आजारी माणसाला आता एक दार जास्त ठोठवावे लागते. नियमांचे मसुदे निघतात तेव्हा त्यावर सूचना व हरकती पाठवायला तीस दिवसांची मुदत असते. औषधकंपन्यांचे वकील ती कधी चुकवत नाहीत. पुढच्या वेळी त्या ढिगात आपलीही पत्रे असायला हवीत.